रोजची सोडून तीन अंघोळी

...आणि हे सगळं जानेवारीत बरं का! दोन दिवसांत तीन अंघोळी, रोजची सोडून, त्याही मागच्या मोरीत, गार पाण्यानं, सत्तरीच्या माणसानं... पण करता काय? जावयाला नाही कसं म्हणायचं?

तुम्हाला सांगतो, लग्नानंतर पहिल्यांदाच बेंगळुरूहून राहायला आलेला जावई. म्हटलं, पृथ्वीराज, पुणं दाखवतो तुम्हाला, आमचं घर शनिवार पेठेत, दगडूशेठ चालत जाऊ, चला. तर म्हणतात कसे, "बाबा, इंग्रजांच्या जुन्या दफनभूमी बघू या का? मी प्रत्येक गावात बघतो." लोकांचे जावई सासऱ्याकडे गाडी मागतात, आमचे थडगी मागतात! आणि आमची ऋतुजा नवऱ्याकडे अशी कौतुकानं बघतेय... मग जावयाला नाही कसं म्हणायचं?

शनिवारी सकाळी कँपातली, संध्याकाळी खडकीची. गुडघाभर गवत, आणि माझे गुडघे म्हणजे... जाऊ दे. यांची पद्धत काय, तर प्रत्येक दगडापुढे थांबून नाव मोठ्यानं वाचायचं. कॅप्टन अमुक, वय चोवीस, कॉलरा. सार्जंट तमुक, ताप. म्हटलं, अहो, हजेरी घेताय का? तर म्हणे, एवढ्या लांब येऊन गेले, कोणीतरी नाव घ्यावं. मी आपला एका कॅप्टनसाहेबांच्या ओट्यावर टेकलो.

घरी आलो की दारात बायको, आमची द्वारका, टॉवेल घेऊन हजर. "कुठे शिवू नका, मसणातून आलात, आधी अंघोळ." अगं, ती माणसं जाऊन दीडशे वर्षं झाली! "मला नाही माहीत. आणि गीझरचं पाणी जावयांना." म्हणजे बघा, नेणारा गरम पाण्यात, नेलेला गार पाण्यात!

रविवारी पुन्हा कँपात, एक कोपरा राहिला होता म्हणे. तिथे एक हातभर दगड. पृथ्वीराज वाकले, पण नाव काही वाचेनात. म्हटलं, काय हो?

"बाबा, याला नावच नाही. नुसतं अमक्याचा मुलगा, वय अकरा दिवस."

अकरा दिवस... म्हणजे बारसं एका दिवसानं राहिलं हो! आता तुम्हाला सांगतो, घरात हा विषय आम्ही काढत नाही, पण ऋतुजाच्या आधी आमचाही एक होता. आठ दिवसांचा. नाव ठरलेलं होतं, ठेवायचं राहिलं. ते नाव माझ्या तोंडून निघून गेलं. पृथ्वीराज सरळ उभे राहिले आणि वाचल्यासारखं मोठ्यानं म्हणाले, "श्रीनिवास. वय अकरा दिवस."

घरी आलो तर दारात टॉवेल. म्हटलं, आज अंघोळ नको, बारशाहून आलोय.

"कुणाच्या?"

सांगितलं सगळं. नावही सांगितलं.

द्वारकेनं टॉवेल माझ्या खांद्यावर ठेवला. मग आत गेली, गीझरचं बटण दाबलं. म्हणाली, "मोरीत नका जाऊ आज. गरम पाणी घ्या." भरून आलं हो मला! चाळीस वर्षांच्या संसारात...

"पण आधी जावयांची होऊ दे. उरलं तर तुम्हाला."

उरतंय कुठलं! पण आता सांगा, जावयाला नाही कसं म्हणायचं?