आईच्या सत्तरीचं गाणं

बुसानच्या मनोविकार दवाखान्यात ओकबुन नंबराची वाट बघत होती. पुढच्या बाकावर बहीण-भाऊ भांडत होते, आणि आवाज खाली ठेवायची अक्कल दोघांनाही नव्हती.

"ताई, डॉक्टरांना सांगू नकोस. गोळी वाढवली तर आईच्या सत्तरीला मी गाणार कसा?"

"काल भाड्याच्या कराओके खोलीत यंत्राची लय कोणी वाढवली, गुनसोक?"

"गाणं रडकं होतं."

"आईचं आवडतं गाणं आहे ते! गाताना ती बिचारी मागे राहिली, तू सुसाट पुढे."

"मालकाने खूश होऊन फुकट वेळ वाढवून दिला."

"तो सगळ्यांनाच देतो, शहाण्या. मागच्या खेपेला तुझीही अशीच लय वाढली, आणि तू नोकरीवर लाथ मारलीस."

"आणि नंतर गोळी वाढवल्यावर हिवाळाभर रेडिओ लागला की उशी कानावर दाबायचो, ते?"

"तेही सांगू."

"सत्तरीला आवाजच फुटला नाही तर? लोक हसतील."

"हसू देत. मागच्या वेळी लोक काय बोलले, ते ऐकायला तू भानावर नव्हतास. मी होते."

आतून गुनसोकचं नाव पुकारलं. दोघंही उठली.

"तू बस इथेच, ताई."

"का?"

"मीच सांगतो. तू फार वाढवून सांगतेस."