शेतावरचा इलाज

सर्जेराव : घरी न्यायची म्हणजे न्यायची, अक्का. कचरू दवाखान्याखाली गाडी चालू ठेवून बसलाय. पोरीच्या अंगावर शाल टाक अन् चल.

रत्नमाला : शाल टाक? मढं हाय का ते झाकून न्यायला? तिला उठून बसता येईना. बघ तरी नीट. तुझीच लेक हाय, संस्कृती.

सर्जेराव : सोळा वर्षं तेच बघतोय. लाडानं नासली. अन् तू जरा हळू बोल. पलीकडच्या खाटेपाशी बसलेला माणूस आपल्या शेताकडचा, कन्नड गावचा दिसतोय.

रत्नमाला : असू दे. कन्नडात आता कुणाला ठावं नाय? शेतावरच्या खोलीत पोरीला घातलंस, बाहीरून कडी लावलीस अन् खुशाल पडेगावला घरी निघून आलास. तिच्या किंकाळ्या कडुबानं ऐकल्या. मेंढरं तशीच सोडून माझ्या दारात आला बिचारा.

सर्जेराव : कोंडली नव्हती. नशा उतरावी म्हणून ठेवली. गोळी मिळाली नाही की येतंय माणूस जागेवर.

रत्नमाला : व्हय, लई मोठा हकीम तू! आली ना जागेवर. दार उघडलं तवा फरशीवर हातपाय आपटीत होती, तोंडाला फेस. वेरूळ येईस्तोवर जीपमदी माझ्या मांडीवर अजून एक फिट आली. मला वाटलं, सरली पोरगी.

सर्जेराव : नाटकं असतात ही. गोळी मिळावी म्हणून.

रत्नमाला : जा मग, डाक्टरीणबाईला सांग की नाटक हाय. ती म्हणली, ह्या झोपंच्या गोळ्या रोज खाणाऱ्याच्या एकदम तोडायच्या नसत्यात. मेंदूला सवय पडलेली अस्ती. एकदम तोडलं की फिट येती, जीवबी जातो. इथं ठिवून हळूहळू कमी करावं लागतंय. अन् तू निघालास न्यायला! कशापायी? शेजाऱ्यांना कावीळ सांगून बसलास म्हणून? आशालाबी घरात डांबलंस. आईला लेकीपाशी येऊ दिलं नाय.

सर्जेराव : मग काय बँड लावू? सर्जेरावाची पोरगी नशेच्या गोळ्या, बटन खाते म्हणून? अक्का, हे बटन-बिटन टपोरी पोरांचं काम. नाक्यावर पडलेली असतात ती. आपल्या घराण्यात...

संस्कृती : झालं. घराणं आलं.

सर्जेराव : जागी आहेस?

संस्कृती : तुम्ही बोलत असताना कोण झोपणार, पप्पा?

सर्जेराव : बघ! बघ जीभ कशी चालते. लाज वाटत नाही?

संस्कृती : वाटते ना. गेल्या महिन्यात शाळेत वाटली होती. तुम्हीच आले होते व्यसनमुक्तीची शपथ द्यायला. 'नशा करणारी पोरं म्हणजे समाजाला लागलेली कीड' म्हणाले. मी पहिल्या रांगेत होते. दोन बटन खाऊन. सगळ्यात जोरात टाळ्या माझ्याच.

रत्नमाला : अगं बाई! अन् हार कुणी घातला ह्याला?

संस्कृती : मीच. सर म्हणाले, पाहुण्यांची मुलगीच घालू दे.

सर्जेराव : हसू नको, अक्का! कुणी दिल्या गोळ्या? नाव सांग. तंगडी मोडतो एकेकाची.

संस्कृती : श्रेया.

सर्जेराव : कोण श्रेया? ती... पहिली येणारी?

संस्कृती : तीच. 'तिच्या पायाचं तीर्थ घे' म्हणायचे ना तुम्ही? तिलाही झोप येत नव्हती. परीक्षेच्या आधी मला अर्धी दिली. जा, मोडा तंगडी.

सर्जेराव : अगं पण काय कमी केलं मी तुला? स्कूटी दिली, मोबाईल दिला, चांगल्यात चांगला क्लास लावला...

संस्कृती : काही कमी नाही केलं.

सर्जेराव : मग कशाला? मजा म्हणून?

संस्कृती : मजा नाही आली हो. आवाज बंद झाला फक्त. डोक्यातला. 'शेजारचा इंद्रजीत बघ कुठं पोचला अन् तू बघ.' 'म्हशीला पेंड घातली तर दूध तरी देते.' जेवताना, गाडीत, पाहुण्यांच्या समोर. पुस्तक उघडलं की तेच ऐकू यायचं. अर्धी गोळी घेतली अन् सगळं शांत. सकाळपर्यंत झोपले. उठल्यावर वाटलं, लोकं रोज अशीच झोपत असतील का?

रत्नमाला : अन् मग?

संस्कृती : मग अर्धीनं भागेना. एकीनं भागेना. नंतर तर झोप पण नाही यायची. नाही घेतली की अंग थरथरायचं, म्हणून घ्यायची. सोडून बघितलं, आत्या. मम्मीला सांगणार पण होते. मम्मी म्हणाली, पप्पांच्या कानावर जाईल असं काही बोलू नको.

सर्जेराव : मी... पोरी, मी तुझ्या भल्यासाठीच बोलत होतो.

रत्नमाला : भल्यासाठी! शेतावर कडीबी भल्यासाठीच लावली व्हतीस. तिथं मेली असती तर काविळीनंच मेली म्हणून सांगितलं असतंस का रे?

सर्जेराव : अक्का, बास.

रत्नमाला : बास कसं? डाक्टरीणबाई घरच्यांनाबी बसवून बोलणार हाय. तुलाबी बोलावलंय.

सर्जेराव : मला? मला काय झालंय?

(संस्कृती हसते. हसता हसता तिला जोराचा ठसका लागतो. सर्जेराव तिच्या पाठीमागं हात घालून तिला उठवून बसवतो, थोडं थोडं पाणी पाजतो.)

सर्जेराव : किती हलकी झालीय ही...

रत्नमाला : आज कळलं?

सर्जेराव : हॅलो, कचरू? नाही, निघत नाही आम्ही. तू घरी जा अन् बाईसाहेबांना घेऊन ये. हो, इथंच. दवाखान्यात. कुणी विचारलं तर... विचारू दे. जे आहे ते सांग.

रत्नमाला : हं.

सर्जेराव : अक्का, तू पण त्याच गाडीत घरी जा, अंग टाक जरा. मी थांबतो हिच्यापाशी.

रत्नमाला : तिला इचार. मला काय सांगतो?

सर्जेराव : पोरी... थांबू का?

संस्कृती : थांबा. फक्त बोलू नका.