पाऊण तास मागं

नाही नाही, उठू नका भगवंतराव, स्वल्प, जरा बसा — ती बाहेर उभी आहे, मी काय सांगते ते तिला कळायला नको. मी सकवारची आई, अंबुबाई. काल तुम्ही परीक्षकाच्या वहीत तिच्यापुढं लिहिलंत ना, 'परीक्षेला गैरहजर'? आणि वर म्हणालात, बायकांना वेळेचं भान नाही, यांच्या हाती विमान काय द्यायचं — ते तिचं नव्हे हो, माझ्या नावावर लिहा. घड्याळ मी मागं केलं. पाऊण तास! भिंतीवरचं केलं, तिच्या उशाशी असलेलं मनगटीसुद्धा. पन्नाशीला टेकलेली बाई खुर्चीवर चढून काटे फिरवते — पडले असते तर बरं झालं असतं. का म्हणता? शुक्रवार, साडेअकराची परीक्षा — राहुकाळ की हो! साडेदहा ते बारा. त्या वेळात आम्ही मल्लेश्वरमच्या बाजाराला जात नाही, आणि पोरगी एकटी आभाळात?

हसा, हसा. परीक्षेच्या नोटिशीवर तुमचं मराठी नाव वाचलं म्हणून धाडस केलं — कन्नडात मला झकास भांडता येतं, कबुली काय ती मराठीतच. आणि खरं सांगू? राहुकाळ नुसतं निमित्त. भीती तर मला रोजचीच. वाटलं, एकदा परीक्षा हुकली की नाद सुटेल, लग्नाला हो म्हणेल... हे बोलायचं नव्हतं मला. विमान कंपनीनं तिला लिहिलं, बायकांना आम्ही चहा द्यायला घेतो, चालवायला नाही — ते पत्र फाडून पोरगी पुन्हा इथं विमान शिकायला आली. कंपनीला जमलं नाही ते आईनं करून दाखवलं! काल जेवली नाही. 'आई, माझंच चुकलं' म्हणाली. आणि मी — मी आपली ताकाला फोडणी देत उभी.

आज तुम्ही मद्रासला परत जाणार, मग वर्षभर परीक्षा नाही म्हणे. एकदाच घ्या तिची. पाया पडू? ... काय? घेता? सरी, सरी, बरं झालं! कधी?

आत्ता?

नाही, म्हणजे... नऊ वाजले. आज शनिवार. शनिवारी नऊ ते साडेदहा राहु—

काही नाही. काही नाही म्हटलं! जावा तुम्ही, सांगा तिला. दार ओढून घ्या. नको, उघडंच असू दे... विमानाचा आवाज तरी येईल. बघताय काय? जावा की! तुमच्या घड्याळाला हात लावत नाही, शप्पथ.