साडेबावीस किलो वांगी

— अहो बसा ना भाऊ, गाडी लिंबाखाली राहू द्या, कोण नेतंय ती? ताट घ्या. पैसे? नाही हो, हॉटेल कसलं, आमचं शेत आहे हे. भरीत आहे, कळण्याच्या पुऱ्या आहेत, आणि तुम्ही खाताय म्हणजे माझ्यावर उपकार करताय — का ते सांगते, आधी पुरी घ्या.

मी अमळनेरला क्लासला जाते, प्रोग्रामिंगच्या. आबा रोज विचारायचे, त्याने होतं काय? म्हटलं, आजच्या भरीत पार्टीला वांगी किती लागतील ते माझा प्रोग्राम सांगेल. घरचे चार टाकले, पाहुणे पाच टाकले, मिळवून माणशी अर्धा किलो — आली लाल अक्षरात चूक. का? तर आपण आकडा टाकला तरी ते मशीन त्याला आकडा समजतच नाही, नुसतं अक्षर समजतं. मॅडमनी सांगितलेलं, इंट लिहायचं, मग आकडा होतो. लिहिलं की मी — पण मिळवून झाल्यावर लिहिलं. तोवर त्याने चारच्या शेजारी पाच चिकटवून ठेवलेला. झाली पंचेचाळीस माणसं! लाल अक्षरं गेली म्हणून मी नाचतेय, माणसं किती धरली ते बघतंय कोण? स्क्रीनवर फक्त साडेबावीस किलो. आई म्हणाली, एवढी वांगी? आबा म्हणाले, कॉम्प्युटर सांगतोय ना — आणि गेले तोडायला.

हसू नका हो. बरं, हसा. मलाही सकाळपासून हसूच फुटतंय, भीतीनं असेल. योगराजकाका येतायत ना — आबांचे मोठे भाऊ, आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. त्यांचं म्हणणं, क्लास बंद, लग्न बघा. त्यांनी हे पातेलं भरलेलं पाहिलं की संपलंच. म्हणून रस्त्यानं जाईल त्याला धरतेय — टेम्पोवाले जेवले, मास्तर जेवले, तुम्ही शेवटचे, तळ दिसला बघा. चूक दुरुस्त केलीय मी, आधी दोन्हींना इंट, मग बेरीज, आता नऊच येतात, दाखवू? — पण खरं सांगू? क्लासचं जाऊ द्या. आबा सकाळी वांगी तोडता तोडता बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "हाई बठ्ठं मन्ही पोरनी करेल शे." हे सगळं माझ्या पोरीनं केलंय, म्हणून. नंतर पाहुणे जेवल्यावर उरलेल्या भरिताचा ढीग पाहिला. ट्रॉलीत पाहुणे बसवले नि खाली मान घालून स्टेशनला सोडायला गेले.

थांबा — आबांचाच ट्रॅक्टर. पण ट्रॉलीत एवढे कोण? पाहुणे तर गेले. हे तर गाडी चुकलेले लोक दिसतायत, पिशव्यांसकट — म्हणजे आबांनीही धरून आणलेत — अगं बाई, आणि पुढे काका बसलेत. काय ओरडतायत आबा? "चाला, मन्ही पोरना हिशोब शे, कोणले कमी पडाव नही!"

भाऊ, ताट ठेवा. किती जण आहेत, मोजता का — नको, मोजू नका. उठा, त्या पलीकडच्या ओळीतली वांगी तोडा.