आठ रवे झाले, पारडं हलेना!

बसा मंडळी, बसा! मागं खांबाला टेकलेले काका, जरा पुढं सरका — आज गोष्ट अशी आहे की ऐकताना तुमचा खांब सुटणार आहे!

आधी एक प्रश्न. घाईनं उत्तर देऊ नका. माणूस पडला की आपण काय म्हणतो? 'ऊठ.' उठला की? टाळ्या वाजवतो. बरोबर? पण तोच माणूस उठला, चालला, त्यानं आपल्या टाळ्या घेतल्या, हार घालून घेतले — आणि परत पडला! तर? तेव्हा काय करतो हो आपण? आणि तो काय करतो?

उत्तर जपून ठेवा! आप्पा, मृदंगावर हात ठेवा पण वाजवू नका. आज मला शांतता पाहिजे.

मंडळी, ऐका. कोल्हापूरकडचं, नदीकाठचं एक गाव. गुळाचं गाव! हंगामात वाऱ्याला सुद्धा गोड वास. त्या गावात रत्नप्रभा नावाची बाई. शिवणकाम करायची. ब्लाऊज तिच्याकडनं शिवला की बाई लग्नात मिरवून यायची, एवढा हात साफ! पण स्वतःचं वजन किती? एकशे अठ्ठावीस किलो! दोन जिने चढली की धाप. गुडघे गेलेले, साखर लागलेली, झोपेत श्वास अडकायचा. डॉक्टर म्हणाले, 'ऑपरेशन करू. पोट लहान करू. नाहीतर अवघड आहे.'

सासू घाबरली. सासू म्हणजे कोण? आनसाबाई! त्या भागात सासूला आत्या म्हणतात, आणि गावही आनसाबाईंना आत्याच म्हणायचं. तर ह्या आत्यांनी काय केलं? सरळ मरगाईच्या देवळात गेल्या, ओटी भरली आणि नवस बोलल्या — 'आई, सून वाचू दे. तिची गुळानं तुळा करीन. एक लगेच, आणि एक नववं वरीस लागलं की!'

तुळा कळते ना? देवळापुढं मोठा तराजू. एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात गूळ. जेवढं माणसाचं वजन, तेवढा गूळ देवीला, आणि मग सगळ्या गावाला प्रसाद.

ऑपरेशन झालं. आणि मंडळी — चमत्कार म्हणू नका, डॉक्टरांची विद्या म्हणा — वर्षभरात रत्नप्रभा किती झाली? चौऱ्याहत्तर! पहिली तुळा झाली. दहा-दहा किलोचे गुळाचे रवे. एक, दोन, तीन... सातवा रवा ठेवला आणि पारडं हललं! वरनं एक अर्धा तुकडा टाकला, संपलं! हलगी काय वाजली, शिट्ट्या काय! नवरा विश्वासराव तर रडला! आणि गावातली जी बाई तिला मागून 'ढोल' म्हणायची ना — हौसाक्का — तिनंच पहिला हार घातला. असतात अशा हौसाक्का. आपल्यात नसतील. असतील तर वर बघू नका, मी ओळखीन!

तर पहिली चार वर्षं सोन्याची गेली. गुडघा दुखेना, साखर गेली, गोळ्या बंद. रत्नप्रभाला वाटलं — झालं! पोट कापलं म्हणजे भूक कापली! दवाखान्यानं सांगितलं होतं, दरवर्षी दाखवायला या, व्हिटॅमिनच्या गोळ्या जन्मभर घ्या. ती म्हणाली, 'मी आता बरी हाय की! दवाखान्यात आजारी माणसं जात्यात.'

आणि मग?

मग पाचव्या वर्षी ब्लाऊज काखेत काचायला लागला. शिवणकाम करणारी बाई! तिला कुणाला सांगायचं कारणच नाही. दिवसाढवळ्या, दुपारी गिऱ्हाईक नसताना, तिनं शिवण उसवली. आत कापडाची माया सोडलेली असते, ती अर्धा इंच बाहेर काढली, परत टीप मारली. संपलं! पुढच्या दिवाळीला अजून अर्धा इंच. त्याच्या पुढच्या दिवाळीला एक इंच. गावभरच्या बायांची छाती-कंबर मापते, वहीत लिहिते — आणि स्वतःच्या अंगाला चार वर्षं टेप लावला नाही! चार वर्षं!

वजनाचा काटा होता घरात. तो कुठं गेला? पलंगाखाली. वर बाजरीचं पोतं ठेवलं!

दरवर्षी संक्रांतीला दवाखान्यातून सिस्टरचा फोन यायचा. 'रत्नप्रभाताई आहेत का?' ही आवाज बारीक करून सांगायची, 'त्या हितं राहत न्हाईत. पुण्याला गेल्या.'

'अस्सं? मग तुम्ही कोण?'

'मी? मी त्यांची जाऊ!'

हसा, हसा! मीही हसलो होतो. पण मंडळी, विचार करा — आपल्याच घरात, आपल्याच फोनवर, बाई स्वतःलाच 'गावात नाही' म्हणून सांगते! किती लाज बसली असेल आत!

आणि आलं की नववं वर्ष! आनसाबाईंनी पारड्याला नवी साखळी आणली. रत्नप्रभा गुपचूप पलंगाखाली वाकली. तिनं बाजरी बाजूला केली, काटा ओढला, चढली. किती? एकशे तीन!

काट्यावरनं उतरली, परत चढली. एकशे तीन!

आता तिच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? डॉक्टरला फोन? नाही! आपण नाही करणार! आपण काय करतो — तिनं तेच केलं. तुळेला नऊ दिवस होते. तिनं घरात जाहीर केलं, 'मी नऊ दिवस कडकडीत उपास धरणार. नुसतं लिंबूपाणी.'

आत्या म्हणाल्या, 'अगं, कशाला एवढं?'

'देवीसाठी, आत्या.'

देवीसाठी! अहो, जुन्या चौऱ्याहत्तरवर यायचं होतं तिला! नऊ दिवसांत एकोणतीस किलो! आणि गाव काय करतंय? पाया पडतंय! हौसाक्का सकाळी येते, डोकं टेकवते, म्हणते, 'रतन, तुझी लई भक्ती बाई!' रतन भिंतीला धरून उभी. हातापायाला मुंग्या, डोळ्यापुढं अंधारी. जिला दवाखान्यात न्यायचं, तिच्या पायावर फुलं! मंडळी, हे ऐकलं तेव्हा माझ्या हातातले टाळ थांबले होते!

आणि अजून एक. सगळ्यात भयंकर. साखर परत आली होती तिची. तेही कुणाला सांगितलं नव्हतं. जुन्या चिठ्ठीवरची गोळी मेडिकलमधून आणून गुपचूप घ्यायची. तुळेच्या दिवशी सकाळी, नऊ दिवसांच्या उपाशी पोटी — तिनं ती साखरेची गोळी घेतली! का? तर म्हणे, आजच्या दिवशी सगळं नीट पाहिजे!

देवळापुढं गाव जमलं. हलगी सुरू. रत्नप्रभा हिरवी साडी नेसून पारड्यात बसली. तराजूपाशी रवे ठेवायला बापू. गावाची सवय काय, तर रवा ठेवला की मोठ्यानं आकडा म्हणायचा. 'एक!' 'दोन!' 'तीन!' पोरं नाचतायत. 'सहा!' 'सात!'

मागच्या वेळी सातला हललं होतं. सगळं गाव वाकून बघतंय.

हललं नाही.

'आठ!' आवाज जरा कमी झाला.

पारडं जमिनीला चिकटलेलं! रत्नप्रभा डोळे मिटून बसलीय. ओठ हलतायत. लोकांना वाटलं जप करते. ती म्हणत होती, 'हल... हल की गं आई... हल...'

'नऊ.' हे एकट्या बापूनं म्हटलं. हलगी थांबली. कुणीतरी मागून म्हणालं, 'ऑपरेशन करून परत हाय तिथंच की गं!' कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि बापूनं दहावा रवा उचलला —

आणि रत्नप्रभाचं अंग थरथरायला लागलं! मान डोलायला लागली, डोळे फिरले, तोंडातून भलतंच काहीतरी — 'उसवा... उसवा सगळं...'

आणि गाव ओरडलं, 'देवी आली! अंगात आली! मरगाई आली!'

अहो, हात जोडले लोकांनी! हलगी परत सुरू, दुप्पट जोरानं! हौसाक्का पुढं धावली, कपाळभर कुंकू फासलं, आणि विचारतेय काय — 'आई, माझ्या थोरल्याचं लगीन कधी जमंल?' एकीकडं बाईचा जीव चाललाय, दुसरीकडं हिला मुहूर्त पाहिजे! गुरवानं निंबाचा टहाळा आणला. विश्वासराव, शिकलेला माणूस, तोही हात जोडून उभा! मंडळी, पाचशे माणसं! पाचशेतल्या एकाला वाटलं नाही, की ही आपली रतन आहे आणि मरायला लागलीय!

एकीला वाटलं. सत्तरी पार केलेली, जिनं जन्मभर त्या देवीपुढं डोकं टेकवलं, नवस जिचा होता — आनसाबाई! गर्दीतनं वाट काढत आली. सुनेच्या गळ्याला हात लावला. गार! घामानं चिंब! आणि म्हातारी अशी ओरडली की हलगीवाल्याच्या हातातली काडी पडली —

'बंद करा! देवी न्हाई ही! सून हाय माझी!'

गुरव म्हणाला, 'आत्या, असं बोलू नका, कोप हुईल...'

'मला सोळा वरसं साखर हाय! हा घाम माझ्या वळखीचा हाय! साखर उतरलीय हिची!' आणि वळली पारड्याकडं. देवीचा गूळ. अजून नैवेद्य दाखवलेला नाही. त्या गुळाला कुणी बोट लावत नाही, मंडळी! म्हातारीनं नारळ फोडायचा दगड उचलला आणि रवा फोडला!

गुरव किंचाळला, 'आत्या! उष्टा हुतोय!'

'हू दे! देवीचं मी बघते, तू गाडी बघ!'

सुनेचं डोकं मांडीवर घेतलं. 'रतन, ऐकतीस का? गिळतीस का? गीळ बघू.' शुद्ध होती थोडी, म्हणून बरं. खडा-खडा गूळ विरघळवून दिला. पाच मिनिटं. सात मिनिटं. आणि रत्नप्रभानं डोळे उघडले. पहिलं वाक्य काय म्हणाली असेल?

'आत्या... किती रवे झाले?'

अहो! जीव परत आला, आणि पहिला प्रश्न हा!

म्हातारी थिजली. आत्ता कळलं तिला, उपास कशासाठी होता ते. बसल्या जागी डोक्याला हात लावला. म्हणाली, 'सात झाले काय आन् दहा झाले काय! जास्त लागला तर देवीला जास्त मिळंल, गावाला जास्त मिळंल! माझ्या तराजूला तू बसायला पायजेस गं बये! तू!'

गाडी निघाली. थेट तोच दवाखाना. दारात तीच सिस्टर. हातातला कागद बघितला, तोंड बघितलं, म्हणाली, 'या जाऊबाई! पुण्याहून कधी आलात?'

रत्नप्रभा हसली आणि मग जी रडली, मंडळी! डॉक्टर आले. ही तोंड लपवते. 'डॉक्टर, तुमचं ऑपरेशन मी वाया घालवलं.'

डॉक्टर म्हणाले, 'एकशे अठ्ठावीसवरून आज अठ्ठ्याण्णव आहात. वाया कुठं गेलं?'

'पण परत वाढलं की.'

'वाढतं! बऱ्याच जणांचं काही ना काही परत येतं. आम्ही पोट लहान केलं, पण शरीर गेलेलं वजन मागत राहतं. भूक परत येते. हा जुनाट आजार आहे, ताई, रक्तदाबासारखा. म्हणून तर दरवर्षी बोलावतो! खाण्याची घडी परत बसवता येते, औषधं आहेत, लागलं तर पुढचे उपाय आहेत. पण तुम्ही आलात तर!'

ती हळूच म्हणाली, 'म्हंजे तुम्ही रागावणार न्हाई?'

'रागावणार! वजनासाठी एक शब्द नाही. पण नऊ दिवस उपाशी राहून साखरेची गोळी घेतलीत, त्यासाठी आता अर्धा तास रागावणार! बसा!'

रक्त तपासलं. लोह नाही, बी-बारा नाही. मुंग्या येत होत्या त्या ह्यामुळं. व्हिटॅमिनच्या गोळ्या बंद केल्या ना, म्हणून! चार वर्षं लाजेपायी तिनं काय-काय गमावलं बघा.

आता म्हणाल, महाराज, पुढं परत चौऱ्याहत्तर झाली असेल. नाही झाली! देवाच्या दारात उभा आहे, खोटं सांगणार नाही. दीड वर्षात ब्याण्णववर आली आणि तिथं थांबलीय. कधी एक किलो वर, कधी खाली. दर तीन महिन्यांनी दवाखान्यात जाते. जाऊबाई म्हणून नाही, रत्नप्रभा म्हणून!

पण अर्धी राहिलेली तुळा? ती झाली. दवाखान्यातून आल्यावर तिसऱ्या आठवड्यात. सकाळी पोटभर नाश्ता करून बाई पारड्यात बसली. बापूनं रवे ठेवायला घेतले. कुणी आकडा म्हणेना. तेव्हा रत्नप्रभा पारड्यातनं म्हणाली, 'काय वं, वाचा बसली का सगळ्यांची? मोजा की मोठ्यानं!' आणि कुणी म्हणेना तर तिनंच सुरू केलं — 'एक! दोन! तीन!' आठला हललं नाही. 'आठ!' म्हणाली. नऊला नाही. 'नऊ!' म्हणाली. सरळ लोकांच्या डोळ्यांत बघून! दहाव्याला पारडं उचललं, आणि पाचशे माणसांच्या तोंडून एकदम आलं — 'दहा!' आनसाबाईंनी पहिला खडा हौसाक्काला दिला. म्हणाल्या, 'धर. तोंड गोड ठेव जरा.'

तर मंडळी, आता तुमच्याकडं वळतो. निसटू नका! तुमच्यात कितीजण आहेत, ज्यांना सुटलेलं परत चिकटलंय? कुणाची तंबाखू, कुणाची दारू, कुणाचं वजन, कुणाची साखर? आणि मदत करणाऱ्या माणसाचा फोन आला की कोण सांगतंय, 'ते पुण्याला गेले'? आणि दुसरं — आपल्यातली एक रतन पारड्यात बसली असताना, मागून फिस्सकन हसणारा कोण होता? तो गुरव नव्हता, ती हौसाक्का नव्हती. तो आवाज कुणाचा होता ते अजून सापडलेलं नाही!

आता गजर करायचा. पण थांबा आप्पा, थाप नका मारू. आधी प्रत्येकानं शेजारच्याकडं वळायचं आणि विचारायचं — 'बाबा रे, डॉक्टरला शेवटचं कधी दाखवलंस?' विचारा! लाजू नका, मी वाट बघतो.

...विचारलं? काय म्हणतो शेजारी? काहीच बोलेना? मग नुसतं विचारून सोडू नका. सोमवारी त्याला घेऊन जा. सोबत बाकावर बसा. त्याचं नाव पुकारलं की तुम्ही उठा, म्हणजे तोही उठेल!

हं, आता वाजवा आप्पा — विठ्ठल विठ्ठल!