काकूंनी दिलेली माहिती

तुम्ही हसाल, पण त्या हेल्मेटवाल्याला मी खरंच चोर समजले होते. कोइमतूरच्या कंपनीने एका फोनवर नोकरी दिली, तेव्हापासून मला सगळ्याचाच संशय येत होता. इतकी घाई कशाला? आणि मीच का? नाशिक सोडून इतक्या लांब जावं की नको, हे काही ठरत नव्हतं. त्यात गॅलरीतून हा माणूस दिसला, आमच्या गेटचे फोटो काढताना. मी दचकून पडद्यामागे!

तो हलला तशा खालच्या शिंदेकाकू खुशीत वर आल्या. "अगं, तुझी चौकशी करायला आले होते. मी सगळं चांगलंच सांगितलं."

"काय सांगितलं काकू?"

"मुलगी शांत आहे, पुरणपोळी मऊ करते. आणि नोकरीचं टेन्शन घेऊ नका, लग्न ठरलं की सोडेल."

"कोण होते ते?"

"कंपनीकडून आलोय म्हणाले. मुलगा कंपनीत असेल ना!"

मी अनवाणीच जिना उतरले. तो कोपऱ्यावर गाडीला किक मारत होता.

"अहो, मी नोकरी सोडणार नाहीये! मी कोइमतूरला येणार आहे, नक्की येणार आहे!"

तो दोन पावलं मागे सरकला. "मॅडम, मला फक्त तुमचा पत्ता खरा आहे का, तेवढंच बघायचं होतं."

मागून काकू ओरडल्या, "जरा तापट आहे हो, तेवढं सांगायचं राहिलं!"