न बदलणारा लाल रंग

जबाब देणार : ऋतिका एकनाथ बोंडे, वय ३२ वर्षे, धंदा – नोकरी (संशोधक), मूळ राहणार अचलपूर, जि. अमरावती, सध्या राहणार हिंजवडी फेज ३, ता. मुळशी, जि. पुणे.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी हिंजवडी येथील ‘रंगवेध सेन्सर्स’ या कंपनीत तीन वर्षांपासून काम करते. कंपनीचे मालक अमोघ जठार आहेत. पाण्यातले विषारी धातू ओळखणारी डबी आम्ही बनवतो.

डबीसोबत काचेच्या लहान कुप्या येतात. कुपीत सोन्याचे अतिसूक्ष्म कण असलेले पाणी असते. कण एकमेकांपासून सुटे असतात तोवर ते लाल दिसते. तपासायच्या पाण्यात क्रोमियमसारखा धातू असला तर कण एकत्र येतात आणि रंग निळा होतो. डबीतला दिवा कुपीतून प्रकाश सोडतो, समोरचा सेन्सर रंग मोजतो व निकाल बोलून सांगतो.

घोटावड्याच्या बाजूला खिंडीखालची वस्ती म्हणून घरे आहेत. त्यांच्या वरच्या अंगाला धातूंना मुलामा देणारा एक कारखाना आहे. गेल्या डिसेंबरमध्ये वस्तीच्या हातपंपाचे पाणी मी स्वतः तपासले. कुपी लगेच निळी झाली. बाहेरच्या प्रयोगशाळेनेही क्रोमियम असल्याचेच कळवले. त्यानंतर वस्तीने आवाज उठवला व कारखान्याला पिण्याच्या पाण्याचा टँकर सुरू करावा लागला.

एप्रिलमध्ये उन्हाने माल पोहोचवणाऱ्या गाडीतल्या कुप्या आपोआप निळ्या पडू लागल्या. माल परत आला. जठार सरांनी कणांवरचे आवरण जाड करायला लावले. आवरण जाड झाले की कण उन्हात टिकतात, परंतु पाण्यातला धातू त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. नव्या कुपीत मी मुद्दाम क्रोमियम घातलेले पाणी टाकले. रंग लालच राहिला. दुसऱ्या दिवशी पाहिले तेव्हाही लालच होता.

मी ती कुपी सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. “सर, ही आंधळी झालीय. हिच्यात काहीही टाका, हिला काही दिसत नाही,” असे मी म्हणाले. त्यांनी कुपी उजेडात धरली व म्हणाले, “पण रंग किती स्टेबल आहे बघ! ऋतिका, तू ना, चांगल्या बातमीवरपण तोंड पाडतेस.” हा माल बाहेर जाणार नाही, असे त्यांनी मला सांगितले. मी त्यावर विश्वास ठेवला.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ऑफिसच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. त्यात जठार सर खिंडीखालच्या वस्तीवर पंपाशेजारी उभे होते व कारखान्याचे मॅनेजर सोबत होते. सरांनी आधी कारखान्याच्या नाल्याचे पाणी एका कुपीत टाकले, ती निळी झाली. मग पंपाचे पाणी दुसऱ्या कुपीत टाकले, ती लाल राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या कुपीचे झाकण पांढरे व दुसरीचे हिरवे होते. पांढरे झाकण जुन्या, चांगल्या मालाचे असते. हिरवे जाड आवरणाच्या मालाचे.

व्हिडिओत पुढे त्यांनी वस्तीवरच्या गोजराबाईंना पंपाचे पाणी प्यायला सांगून फोटो काढून घेतला. त्या पीत असताना सर स्वतः सीलबंद बाटलीतले पाणी पीत होते. नंतर त्यांनी पंपाच्या दांड्याला लागलेला हात रुमालाने पुसला. ते पाहून मला किळस आली. हा शब्द जबाबात घेण्याची गरज नाही असे अंमलदारांनी सांगितले, परंतु माझ्या आग्रहावरून तो ठेवला आहे.

मी जाब विचारला. सर म्हणाले, “कारखान्याला टँकर नको होता, आपल्याला त्यांची ऑर्डर हवी होती. रिलॅक्स. एवढी वर्षं पीतच होते ना वस्तीवाले?” टँकर त्याच आठवड्यात बंद झाल्याचे मला नंतर कळले.

आज सकाळी मी वस्तीवर गेले. गोजराबाईंनी मला ओळखले. “या बाई, उन्हाच्या आलात. आधी पानी घ्या,” असे म्हणून त्यांनी गूळ व तांब्या पुढे केला. पाणी पंपाचे होते. मी घेतले नाही. त्यांचा चेहरा उतरला. “का वो? आमच्या घरचं पानी चालत न्हाई व्हय तुमास्नी?” असे त्या म्हणाल्या. मी पाण्यात विष आहे, कुप्या खोट्या आहेत, असे सांगितले.

त्यांचे दीर हैबतराव ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, “मॅडम, डिसेंबरात तुमी आलात, म्हनालात वाईट हाय. मग तुमचे सायेब आले, म्हनाले बेस हाय. आता तुमी पुन्यांदा वाईट म्हनताय. तुमचं आपसात काय ते ठरवा अन् मग या की.”

सरांनी वस्तीला दिलेली डबी त्यांनी आतून आणली, त्या तांब्यातले पाणी हिरव्या झाकणाच्या कुपीत टाकले व बटण दाबले. “पाणी पिण्यायोग्य आहे. धन्यवाद,” असे डबी बोलली. तो आवाज माझा आहे. यंत्राचा आवाज लोकांना परका वाटतो म्हणून मागच्या वर्षी ऑफिसात माझा आवाज रेकॉर्ड केला होता.

हैबतराव हसले. “घ्या! आता ह्यातल्या कुठल्या बाईचं ऐकायचं?”

मी हात जोडले. गोजराबाईंनी तो तांब्या तोंडाला लावला व माझ्यासमोर रिकामा केला. मग त्या हंडा घेऊन पंपाकडे गेल्या.

जठार यांच्याविरुद्ध माझी तक्रार आहे. दोन्ही झाकणांच्या कुप्या हजर केल्या आहेत. चौकशी कायद्याप्रमाणे होईल तेव्हा होईल, परंतु आज अंधार पडण्यापूर्वी त्या पंपाला कुलूप लावावे. माझ्या सांगण्यावर तिथे कोणी थांबणार नाही. मी निघाले तेव्हा पंपावर रांग होती.

वरील मजकूर मला मराठीत वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे व खरा आहे, म्हणून खाली सही करते.